टेलर के-२००६ टेस्ट किट : हिरव्या झालेल्या स्विमिंग पूलवर लागू पडलेली एकमेव गोष्ट

आधी किंमत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पळायचंय त्यांना पळता येईल. पुलाचं पाणी तपासायचं, दुकानात मिळतं ते पिवळ्या-लाल बाटल्यांचं साधं किट जितक्याला येतं, त्याच्या कितीतरी पट पैसे या निळ्या पेटीला मोजावे लागतात. वर कुरिअर वेगळं. आमचे हे म्हणाले, "पाणी हिरवं आहे हे कळायला किट कशाला लागतं?" प्रश्न रास्त आहे. हिरवं आहे हे डोळ्यांना दिसतंच. का हिरवं आहे, ते दिसत नाही.

आमचा अलिबागजवळ नागावला छोटा होमस्टे आहे. चार खोल्या, वाडीत माड आणि पोफळी, मागे तीस बाय पंधरा फुटांचा पूल. खोली सरासरी साडेचार फूट, म्हणजे पाणी साधारण सत्तावन्न हजार लिटर. हा आकडा पाठ करून ठेवा (तुमच्या पुलाचा, माझ्या नव्हे), कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटात, आणि आलेल्या उत्तराला २८.३ ने गुणलं की लिटर.

मे महिन्यात, मुंबई-पुण्याच्या शाळांना सुट्ट्या आणि आमच्या सगळ्या खोल्या भरलेल्या असताना, पुलाच्या पाण्याला पातळ अळूच्या फतफत्याचा रंग आला. दुसरी पायरी दिसेना. मुलं काठावर उभी राहून आईकडे बघायची आणि आया माझ्याकडे.

पुलाची देखभाल महिन्याच्या कंत्राटावर होती. कंत्राटदाराचा माणूस यायचा, तरंगत्या डब्यात टीसीसीएच्या (हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या भरायचा, छोट्या नळीत पिवळं पाणी करून दाखवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, क्लोरीन परफेक्ट." नळी पिवळी व्हायची हे खरं. पण भिंतींना हात लावला तर बुळबुळीत. मग आणखी गोळ्या. शेवटी त्याने मोरचूद टाकू म्हणून सांगितलं. तांब्याने शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यात राहतं, प्लास्टरवर डाग पाडतं आणि फिकट केसांना हिरवी झाक देतं. हल्ली निम्म्या पाहुण्यांचे केस रंगवलेले. मी नको म्हटलं.

पुतण्या ह्यूस्टनला असतो, त्याच्या घरामागेही पूल आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला पाणी दाखवलं. त्याने पाण्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "काकू, सीवायए किती आहे?"

सीवायए म्हणजे सायन्युरिक ॲसिड. आपल्याकडे पूलवाले याचं नावच काढत नाहीत आणि घोळ तर सगळा त्याचाच. उन्हात नुसता क्लोरीन काही तासांत उडून जातो. सायन्युरिक ॲसिड त्याला धरून ठेवतं, म्हणून थोडं हवंच, तीस ते पन्नास पीपीएम (म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम). पण टीसीसीएच्या गोळीत वजनाने निम्म्याहून जास्त हेच असतं. क्लोरीन आपलं काम करून संपतो, हे मात्र पाण्यातच साठत जातं. पाणी वाफ होऊन उडतं, हे उडत नाही. आमच्या पुलात एक किलो टीसीसीए टाकलं की सीवायए साधारण साडेनऊ पीपीएमने चढतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत किती किलो गेलं असेल याचा हिशोब कंत्राटदाराने ठेवला नव्हता. शंभराच्या पुढे गेलं की क्लोरीनचा मोठा भाग त्याच्याशी बांधलेला राहतो. परीक्षेत दिसतो, पण शेवाळावर धावून जायला मोकळा नसतो. नळी पिवळी आणि भिंत बुळबुळीत, दोन्ही एकाच वेळी खरं असायचं ते यामुळे.

दुकानातलं पिवळं किट ऑर्थोटोलिडिन नावाच्या रसायनाचं असतं. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातला कामाचा किती आणि घाम-लघवीशी जोडला जाऊन निकामी झालेला किती, हे वेगळं करत नाही. सीवायए तर ते मोजतच नाही.

टेलरच्या या किटमध्ये सीवायए मोजायची पद्धत गमतीची आहे. छोट्या बाटलीत सात मिलिलिटर पुलाचं पाणी, तेवढंच त्यांचं द्रावण, अर्धा मिनिट हलवायचं. पाणी दुधट होतं. मग ते एका उभ्या नळीत थेंबथेंब ओतत जायचं आणि वरून तळातला काळा ठिपका बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. नळी कमरेच्या उंचीला धरा, सूर्याकडे पाठ करा. डोळ्यांजवळ नेऊन ठिपका शोधत बसलात तर तो दिसतच राहतो आणि आकडा खोटा कमी येतो. आमचा ठिपका शंभराच्या रेषेआधीच गेला. पट्टी तिथेच संपते, म्हणून पुलाच्या पाण्यात तितकंच नळाचं पाणी मिसळून परत केलं. सत्तर आलं. दुप्पट करायचं. एकशे चाळीस.

एकदा हा आकडा हातात आला की वाद संपतो. सायन्युरिक ॲसिड काढायचा खात्रीचा मार्ग एकच, पाणी काढणं. फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर, म्हणजे पाणी थेट बाहेर सोडायच्या खुणेवर, टाकून निम्मा पूल उपसला. मोकळा (निकामी न झालेला) क्लोरीन तोवर शून्यावर आला होता, ते पाणी माडांना गेलं. मे महिना असल्यामुळे विहिरीवर भरवसा नव्हता, टँकर मागवले. पूर्ण रिकामा करायचा मोह होतो, करू नका. समुद्राकाठच्या गावांत भूजल वर असेल तर रिकाम्या पुलाचं भांडं खालच्या दाबाने उचललं जाऊ शकतं, आणि पावसाळ्यात तर हा धोका फारच.

नव्या पाण्यानंतर सीवायए सत्तर. आता पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा. तो बघून घ्यायचा क्लोरीन चढवण्याआधीच, कारण क्लोरीन दहाच्या वर गेला की पीएच दाखवणाऱ्या फिनॉल रेड द्रावणाचा रंग जांभळट होतो आणि पीएच खोटा चढा दिसतो. टँकरच्या पाण्याने तो वर गेला होता, थोडं ॲसिड देऊन ७.२ ला आणला. (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि ॲसिडचा मग हायपोच्या (लिक्विड क्लोरीनच्या) कॅनमध्ये बुडवायचा नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात किंवा एकाच मगाने कधी नाही, पेट घेतं, स्फोट होऊ शकतो. कंत्राटदाराच्या पोरांकडे सगळ्याला एकच मग होता.)

शेवाळ मारायला लिक्विड क्लोरीन वापरला, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, निळ्या कॅनमधला. त्यातून सीवायए वाढत नाही. लक्ष्य ठरवायचं ते सीवायएवरून, त्याच्या साधारण चाळीस टक्के. सत्तरचे अठ्ठावीस. पुतण्याने आकडा सांगितला तेव्हा मला तो चुकलाय असं वाटलं, कारण एरवी पुलात एक ते तीन पीपीएम पुरे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण अर्धवट मारलेलं शेवाळ दोन दिवसांत परत उभं राहतं. ही पातळी असेपर्यंत पूल बंद, हे ओघाने आलंच. पाहुण्यांना समुद्र दाखवला.

इथे किटने पैसे वसूल केले. दहा टक्क्यांचा हायपो सहा लिटर टाकला तर आमच्या पुलात क्लोरीन दहा पीपीएमच्या आसपास चढायला हवा. पहिल्या कॅनने जेमतेम सहा चढला. थोडं शेवाळाने खाल्लं असेल म्हणून स्वच्छ पाण्याच्या पिंपात मोजून परत बघितलं, तरी कमीच. कॅन जुना होता, दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला. हायपो उन्हाने आणि उष्णतेने मरतो, लेबलवर मात्र टक्केवारी तीच राहते. आकडा सांगितल्यावर दुकानदाराने काही न बोलता आतला ताजा कॅन दिला. त्या दुकानात मला आता "केमिकलवाल्या ताई" म्हणतात.

क्लोरीनची परीक्षा थेंबांची आहे. दहा मिलिलिटर पाण्यात किटमधल्या छोट्या चमच्याने दोन चमचे पावडर, पाणी गुलाबी होतं. मग दुसऱ्या बाटलीतून थेंब मोजत टाकायचे, गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. रंगांच्या पट्टीशी डोळे मिचकावत जुळवायला नको, वय झालेल्या डोळ्यांना हे वरदान आहे. पण अठ्ठावीस पीपीएम मोजायचं म्हणजे छप्पन्न थेंब! मध्येच कोणी "काकू, चहा?" विचारलं की गेलं मोजणं. पुढेपुढे आमचा केअरटेकर मोठ्याने आकडे म्हणायचा आणि मी थेंब टाकायची. आता तो माझ्यापेक्षा चांगली टेस्ट करतो. रंग गेल्यावर त्याच नळीत आणखी एका द्रावणाचे पाच थेंब टाकले आणि परत गुलाबी झालं, तर तो निकामी, जोडलेला क्लोरीन. तोही तसाच मोजायचा.

काम संपलं हे कधी समजायचं, याला या किटकडे सरळ उत्तर आहे. सूर्य मावळल्यावर मोजा, उजाडायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे क्लोरीन कमी झालाच तर त्याला खाणारं काहीतरी पाण्यात जिवंत आहे. एक पीपीएमपेक्षा जास्त उतरला तर अजून शेवाळ आहे, पाणी कितीही निळं दिसो. जोडलेला क्लोरीनही अर्ध्या पीपीएमवर किंवा त्याखाली आलेला हवा.

हिरवा रंग लवकर गेला. त्यानंतरचा गढूळपणा मात्र रेंगाळला, आणि बहुतेक लोक इथेच घाबरून काहीबाही ओततात. मेलेलं शेवाळ राखाडी-पांढरं होऊन तरंगतं, ते फिल्टरनेच काढायचं असतं. वाळूचा फिल्टर वीस-चाळीस मायक्रॉनचे कण धरतो, त्याहून बारीक फिरत राहतात, म्हणून वेळ लागतो. पंप रात्रंदिवस चालू, भिंती रोज ब्रशने घासायच्या आणि प्रेशर गेज बघायचा. आमचा स्वच्छ असताना दहा पीएसआय दाखवतो, अठरावर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. उगाच दर तासाला बॅकवॉश केला तर फिल्टर उलट नीट धरत नाही, थोडा मळलेला फिल्टर जास्त बारीक कण पकडतो. दुकानदाराने तुरटी सुचवली होती. तुरटीने गाळ तळाला बसतो हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, पण मग पंप बंद ठेवून गाळ बसू द्यावा लागतो आणि नंतर तो व्हॅक्यूमने, फिल्टर वगळून, थेट बाहेर काढावा लागतो. फिल्टर चालू ठेवून तुरटी टाकली तर वाळूचा गोळा होतो. मी त्या वाटेला गेले नाही. वीज गेली की पंप थांबायचा, जीव वरखाली व्हायचा, एवढंच.

आता किटच्या तक्रारी. माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. पीएच रंगपट्टीवरच बघावा लागतो आणि संध्याकाळच्या उजेडात ७.४ आणि ७.६ मध्ये फरक करणं म्हणजे अंदाजपंचे. आमच्या हवेत पावडरची बाटली उघडी राहिली तर गुठळ्या धरते, म्हणून पेटी पूलशेजारच्या शेडमध्ये नाही, घरात कपाटात ठेवते. सीवायएचं द्रावण थेंबांनी नव्हे, दर वेळी सात मिलिलिटर जातं, त्यामुळे तीच बाटली आधी संपते. अलिबागच्या दुकानांत रिफिल मिळत नाही. अल्कलिनिटी आणि कॅल्शियमच्या परीक्षा चांगल्या आहेत, पण क्लोरीनइतक्या वारंवार त्या कराव्या लागत नाहीत.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रिफिलसाठी.

पूल छोटा, प्लास्टिकचा फुगवायचा असेल तर हे घेऊ नका, पाणी बदला आणि मोकळे व्हा. बंगल्याचा, फार्महाऊसचा पक्का पूल असेल आणि गोळ्यांवर चालत असेल तर घ्या, निदान शेजारच्या दोन-तीन बंगल्यांत मिळून एक घ्या.

आणि कोकणातल्यांसाठी एक. अलिबागकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या पुलाची सरासरी खोली तेराशे सत्तर मिलिमीटर. म्हणजे पुलात मावतं त्याहून जास्त पाणी वरून फुकट पडतं आणि जुनं पाणी काठावरून वाहून जातं, सीवायए आपोआप उतरतं. ऑक्टोबरमध्ये मोजलं तर नळी काठोकाठ भरूनही काळा ठिपका दिसतच होता, म्हणजे तीसच्या खाली. तेव्हा गोळ्या खुशाल वापरल्या, तीन किलो संपेपर्यंत. मग परत मोजलं, पन्नासच्या जवळ आलं होतं. तिथून पुढे फक्त लिक्विड, आणि तरंगता डबा शेडमध्ये टांगून ठेवला.