ओट्यावर कोणतं: मॅग्निफिका एस की लॅटेगो?

दोन्ही बिया दळून कॉफी करणारी यंत्रं, रुंदीला वीतभर, म्हणजे 24 सेंटीमीटरच्या आसपास. पाण्याची टाकीही दोन्हींची 1.8 लिटरची. तेव्हा जागेवरून भांडण नाही. खरा फरक दुधाचा. डेलाँगी मॅग्निफिका एसच्या साध्या मॉडेलला वाफेची नळी असते. भांडं हातात धरून फेस आपणच काढायचा, आणि नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसायची. नाहीतर दूध वाळून घट्ट बसतं. फिलिप्स 3200 लॅटेगोचा दुधाचा डबा दोनच तुकड्यांचा, आत नळ्या नाहीत. नळाखाली धरला की झालं. सकाळी डब्यांच्या घाईत मी लॅटेगोच घेईन. पण कोरी एस्प्रेसो पिणाऱ्यानं दुधाच्या सोयीचे पैसे कशाला मोजायचे? त्यानं मॅग्निफिका घ्यावं. तेलकट, काळ्याकुट्ट भाजलेल्या बिया मात्र दोन्हींत नकोत, चक्कीला चिकटतात.