हाताने गुंडाळलेले अल्निको 5 पिकअप: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर हाताने गुंडाळलेल्या तीन पिकअपचा सेट आहे (पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती बारीक तार गुंडाळलेलं, गिटारच्या तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं साधन; अल्निको 5 ही त्यातल्या मॅग्नेटच्या मिश्रधातूची जात). त्यातला मधला गेला. सिलेक्टर (कोणता पिकअप वाजणार ते निवडणारा खटका) दोन नंबरवर असताना घरघर सुरू झाली, तेव्हाच शंका आली. घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना. सिंगल कॉईल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे असे पिकअप वाजवणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको, दिवसभर विजेच्या 50 हर्ट्झ घरघरीची साथसंगत असते. या सेटमधल्या मधल्या पिकअपचं वाइंडिंग उलटं आणि मॅग्नेटचे ध्रुवही उलटे, त्यामुळे दोन आणि चार नंबरला, जिथे मधला दुसऱ्या पिकअपबरोबर वाजतो, घरघर जवळपास मरायची. ती परत आली. स्क्रॅचप्लेट (पिकअप बसवलेली पुढची प्लेट) उघडून मल्टिमीटर लावला तर नेक (मानेजवळचा) आणि ब्रिज (घोडीजवळचा) पिकअप सहा किलोओहमच्या आसपास, मधला ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. म्हणून हे आत्ता लिहितोय, आणि डोकं फिरलेलं असताना लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. गिटारसोबत आलेले पिकअप सिरॅमिकचे होते. सिरॅमिक म्हणजे कर्कश असं सगळे म्हणतात, माझे तर उलट दबलेले वाजायचे. कारण उघडल्यावर दिसलं. मॅग्नेटची पट्टी खाली चिकटवलेली आणि कॉईलच्या आत नुसते लोखंडी पोल, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या खुंट्या. लोखंडामुळे इंडक्टन्स वाढतो आणि वरची चकाकी खाली येते. म्हणजे शिव्या खातं सिरॅमिक आणि काम असतं लोखंडाचं. नव्या सेटमध्ये अल्निकोच्या कांड्या हेच पोल, त्यांच्याभोवतीच 42 गेजची तार. पहिल्याच दिवशी कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू आली. पैसे वसूल, असं तेव्हा वाटलं होतं.

मग जी (G) नावाची तिसरी तार लक्षात आली, आणि एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

या सेटचे पोल ‘व्हिंटेज स्टॅगर’, म्हणजे खालीवर. जी चा पोल भलताच उंच. 1954 मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली तेव्हा या तिसऱ्या तारेच्या गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली असायची. तिच्यात पिकअपला जाणवणारं पोलाद मुख्यतः आतल्या बारीक गाभ्याचं, म्हणून मॅग्नेट जवळ आणावा लागे. आज आपण सगळे साधी, न गुंडाळलेली, 0.016 किंवा 0.017 इंच जाडीची जी लावतो. ती पूर्ण पोलादाची, आणि तिच्याच खाली सगळ्यात उंच मॅग्नेट! लग्नाच्या ऑर्केस्ट्रात साधा डी मेजर कॉर्ड वाजवला तरी जी एकटी पुढे येऊन बोलते आणि शेजारची बी तार गप्प. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, ‘सर, लोक हेच मागतात.’ मागत असतील. पण वाजवतात का?

दुसरी तक्रार नेक पिकअपची. अल्निको 5 ताकदीचा मॅग्नेट, जाड ई तार बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे दाबली की तो तिला ओढतो आणि एका सुरात दोन सूर भांडताना ऐकू येतात. ट्यूनर लावून काही उपयोग नाही, काटा स्थिरच राहत नाही. एका मित्राकडे याच माणसाने बनवलेला अल्निको 2 चा नेक होता, गुंडाळलेली तार तीच, रेझिस्टन्सही जवळपास तोच. उसना आणून बसवला. भांडण मिटलं. पिकचा (तारा छेडायच्या पातीचा) टोला मऊ झाला, खालचे सूर जरा सैल, आवाज थोडा कमी. मी तर ठरवूनच टाकलं की नेकला 2 आणि ब्रिजला 5, बाकी सगळं व्यर्थ.

हे मत टिकलं नाही. नवा घेण्याआधी, पैसे वाचतात का बघू म्हणून, माझाच अल्निको 5 चा नेक स्क्रू फिरवून खाली नेला. शेवटचा फ्रेट दाबून जाड ईखाली 2.4 आणि बारीक ईखाली 2 मिलिमीटर अंतर ही फेंडरची व्हिंटेज पद्धतीच्या पिकअपसाठीची शिफारस आहे, मी नेकला त्याहूनही खाली गेलो. मग दोन्ही रेकॉर्ड करून आवाजाची पातळी सारखी केली. फरक उरला, पण निम्म्याहून कमी. टोल्याचा मऊपणा 2 चाच खरा. बाकी बरंचसं ओढीचं आणि अंतराचं प्रकरण. मित्राचा पिकअप परत केला. स्क्रू फुकट फिरतो.

उन्हाळ्याचं विचाराल तर मे महिन्यात 44 अंशांत अल्निकोला काहीही झालं नाही, तो शेकडो अंश सोसतो. कॉईलमधली तार हलू नये म्हणून भरलेलं मेण मात्र सोसत नाही. गिटार गाडीच्या डिकीत राहिली आणि कव्हरच्या कडेने ओघळ आला. सोलापूरकरांनी हे ध्यानात ठेवा.

आता मूळ भांडण. फ्रेट घासायला गिटार रिपेअरवाल्याकडे दिली होती. जी ची तक्रार बोलता बोलता त्याला सांगितली. त्याने न विचारता मधल्या पिकअपचा जी चा पोल अंगठ्याने खाली दाबला. तार थेट कांडीवर गुंडाळलेली असते, कांडी सरकली की तार तुटणारच. त्याचं उत्तर, ‘तुम्हीच तर म्हणालात जी जास्त वाजते.’ बनवणारा म्हणतो हे वॉरंटीत बसत नाही, रिवाइंड (नव्याने तार गुंडाळणं) निम्म्या किमतीत, कुरियर दोन्ही बाजूंचं माझं. मागांच्या मोटारी बांधणाऱ्या दुकानात विचारून पाहिलं. 42 गेज म्हणजे 0.063 मिलिमीटर. ‘एवढी बारीक तार कोण ठेवतंय, दादा,’ म्हणत त्याने हसून चहा पाजला.

शेवटी रिवाइंडच मान्य केलं. मॅग्नेट अल्निको 5 च, ध्रुव पहिल्यासारखे उलटेच, पण पोल सगळे सपाट. माझा फ्रेटबोर्ड 12 इंची रेडियसचा (म्हणजे कमी गोलाईचा), त्याला सपाट पोल चालतात. नेक आणि ब्रिजची जी तशीच उंच राहणार, तेवढ्यासाठी आणखी पैसे घालणार नाही. रिपेअरवाला एका बाजूचं कुरियर द्यायला तयार झालाय, तोंडी. डबा पॅक करून ठेवलाय. त्याचे पैसे आले की पाठवतो.