डेस्कटॉपवरचे पार्टिशनचे आयकॉन: सेटिंगमधून लपवावेत की एफएसटॅबमधून?

लिनक्सच्या डेस्कटॉपवर होम आणि ट्रॅशचे आयकॉन नको असतील तर त्यात ठरवण्यासारखं काही नाही. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये त्यांच्यासाठी वेगळी बटणं असतात, ती बंद करा आणि मोकळे व्हा. खरा प्रश्न पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागांच्या, आयकॉनचा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, शिवाय डेटाचं एखादं पार्टिशन असेल, तर ते माउंट होताच, म्हणजे वापरासाठी जोडले जाताच, डेस्कटॉपवर येऊन बसतात. रोज त्यांच्यावर क्लिक कोणी करत नाही, आणि नजरेतून ते हलत नाहीत.

यावर मी तीन उपाय आळीपाळीने वापरले आहेत.

पहिला सगळ्यात सोपा: सेटिंगमधलं बटण, ज्याचं नाव लिनक्सच्या प्रत्येक डेस्कटॉपमध्ये वेगळं. सिनॅमनमध्ये ‘माउंट केलेले व्हॉल्यूम’, एक्सएफसीईमध्ये ‘रिमूव्हेबल डिव्हाइस’, उबुंटूच्या डेस्कटॉप आयकॉन एक्स्टेन्शनमध्ये ‘एक्सटर्नल ड्राइव्ह’. जिथे जे नाव असेल ते बंद करायचं. दहा सेकंदांचं काम, काही बिघडण्याची भीती नाही. बरीच वर्षं मी हेच करत होतो.

पण या बटणाला आतलं पार्टिशन आणि बाहेरून लावलेला पेनड्राइव्ह यांतला फरक कळत नाही. पार्टिशन गेली की पेनड्राइव्हचा आयकॉनही गेला. तो फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत असतो, तिथून इजेक्ट करता येतो, हे मला माहीत होतं. तरी डोळ्यांसमोर नसलेली गोष्ट विसरली जाते. एकदा कॉपीची पट्टी पूर्ण झाली, खिडकी बंद झाली आणि मी पेनड्राइव्ह ओढून काढला. लिनक्स आधी मेमरीत लिहून घेतं आणि ड्राइव्हवर सावकाश उतरवतं. त्यामुळे कॉपी झाली असं दिसलं तरी आतलं लिखाण चालूच असू शकतं. दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलं तर तीन फायलींपैकी शेवटची उघडेना. मूळ फाइल मी तोवर काढून टाकली होती. डेस्कटॉपवर आयकॉन असता तर राइट क्लिक करून इजेक्ट करणं हातून आपोआप झालं असतं, असं मला आजही वाटतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

उबुंटूवर आणखी एक गोष्ट. डेस्कटॉपवरून घालवलेली ड्राइव्ह डॉकमध्ये (आयकॉनच्या कडेच्या पट्टीत) दिसत राहू शकतात, तिथलं सेटिंग वेगळं आहे.

दुसरा उपाय म्हणजे आयकॉन दाखवणारं एक्स्टेन्शनच बंद करणं. मार्च 2018 मधल्या ग्नोम या डेस्कटॉपच्या 3.28 आवृत्तीपासून त्याचा फाइल्स हा फाइल मॅनेजर डेस्कटॉपवर आयकॉन दाखवतच नाही. ग्नोमवर आज दिसतात ते एक्स्टेन्शनमुळे. ज्यांना पूर्ण मोकळा डेस्कटॉप आवडतो त्यांना हे पुरेल. मला तिथे चालू कामाच्या दोन-चार फायली लागतात, त्यामुळे माझं यावर फार दिवस निभावलं नाही.

तिसरा उपाय थोडा खालच्या पातळीवरचा. ग्नोम, सिनॅमन, माटे, एक्सएफसीई हे सगळे ड्राइव्हची यादी जीव्हीएफएस या पडद्यामागच्या सेवेकडून घेतात. जीव्हीएफएसचा नियम असा, की मीडिया फोल्डरखाली किंवा तुमच्या होममध्ये माउंट झालेलं दाखवायचं, आणि एमएनटी फोल्डरखाली असलेलं सांगितल्याशिवाय दाखवायचं नाही. म्हणजे पार्टिशन एफएसटॅबमधून (मशीन सुरू होताना काय कुठे माउंट करायचं ते सांगणारी फाइल) एमएनटीखाली माउंट केलं की आयकॉन डेस्कटॉपवरूनही जातो आणि डॉकमधूनही. पेनड्राइव्ह मात्र पूर्वीसारखाच दिसतो, कारण त्याला आपण हात लावलेला नाही. डेटा लागेल तेव्हा त्या फोल्डरचा बुकमार्क पट्टीत ठेवायचा. माउंटची जागा बदलायची नसेल तर एफएसटॅबमधल्या त्या पार्टिशनच्या ओळीत एक्स-जीव्हीएफएस-हाइड हा पर्याय जोडला तरी चालतं.

एफएसटॅब हाताने बदलायला भीती वाटणं रास्त आहे. ग्नोमच्या डिस्क्स प्रोग्राममध्ये पार्टिशन निवडून माउंटचे पर्याय उघडा, वरचं ‘नेहमीचं सेटिंग’ बंद करा आणि ‘यूजर इंटरफेसमध्ये दाखवा’ यावरची खूण काढा. तो स्वतःच एमएनटीखालची जागा सुचवतो, पार्टिशन यूयूआयडी या त्याच्या ओळख क्रमांकाने ओळखतो आणि नोफेल हा पर्यायही लिहितो. हाताने लिहिणार असाल तर नोफेल विसरू नका. ते नसेल आणि एखाद दिवशी डिस्क जोडलेली नसेल, तर मशीन सुरू होताना 90 सेकंद वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं. बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा, आणि रीस्टार्ट करण्याआधी फाइंडमाउंट कमांडच्या व्हेरिफाय पर्यायाने बदललेली फाइल तपासून घ्या.

यूडेव्ह (जोडलेली साधनं ओळखणारी यंत्रणा) हिच्या नियमातून यूडिस्क्स या डिस्क माउंट करणाऱ्या सेवेला एखादं पार्टिशन दुर्लक्षित करायलाही सांगता येतं. विंडोजच्या रिकव्हरी पार्टिशनसाठी ते उत्तम, कारण तिथे आपल्याला कधी जायचंच नसतं. डेटाच्या पार्टिशनसाठी मला ते टोकाचं वाटतं. फाइल मॅनेजरमधून एका क्लिकवर माउंट करायची सोयच उरत नाही.

केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना यातलं फारसं लागणार नाही. तिथल्या डिव्हाइस नोटिफायरमध्ये फक्त काढता येणारी साधनं दाखवा असा पर्याय आहे, आणि बाकीच्यांकडेही तो असता तर मला बरं वाटलं असतं.

पेनड्राइव्ह क्वचितच लावत असाल तर पहिला उपाय पुरेसा ठरेल. आठवड्यातून दोनदा जरी लावत असाल, तरी एफएसटॅबसाठी एकदा पंधरा मिनिटं काढा असं मी सुचवेन. माझ्या दोन्ही मशीनवर आता तेच आहे, आणि पेनड्राइव्ह लावला की डेस्कटॉपवर तो एकटाच दिसतो.