भारी काळ्या रानात फुले वसुधा : पेरणीपासून कडबा संपेपर्यंतचा अनुभव

ज्वारी कोणती पेरू, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, रान किती खोल आहे? मंगळवेढ्याकडची आमची जमीन खोल काळी आहे. ओली असताना पाय रुततो, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या रानात फुले वसुधा हा रब्बी ज्वारीचा वाण घेतला, शेजारच्या पट्ट्यात नेहमीची मालदांडी ठेवली. धान्य घरात आलं, भाकरी पावसाळ्यापर्यंत खाल्ली, कडबाही संपत आला. आता मत द्यायला हरकत नाही. तुमचं रान ६० सेंटीमीटरपेक्षा खोल असेल तर वसुधा जरूर घ्या. मात्र कडबा विकणार असाल तर खालचं सगळं वाचून ठरवा.

कोरडवाहू रब्बी ज्वारीचा सगळा खेळ जमिनीतल्या ओलीवर चालतो. परतीचा पाऊस संपला की माघापर्यंत पिकाला वरून थेंब मिळेलच असं नाही. ३० सेंटीमीटरच्या हलक्या रानात ओल फुलोऱ्यापर्यंत जेमतेम पुरते, म्हणून तिथं १०५ ते ११५ दिवसांत येणारी फुले अनुराधा किंवा फुले माउली शोभते. मध्यम रानाला फुले सुचित्रा, परभणी मोती, मालदांडी. खोल रानाला वसुधा, फुले यशोदा, सीएसव्ही २२, आणि हमखास पाणी असेल तर फुले रेवती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस अशी जमिनीच्या खोलीवर बेतलेली असते आणि मला ती मनापासून पटते. खोल रानात लवकर येणारा वाण पेरला तर पीक निघून जातं आणि खालची ओल तशीच राहते. उलट बरड माळावर वसुधा पेरून दाणा भरला नाही म्हणून वाणाला नावं ठेवणारेही मी पाहिले आहेत. माळावर ओलच नव्हती, त्यात वाणाचा काय दोष?

मालदांडीबद्दल माझ्या मनात आदर आहे. मालदांडी ३५-१ आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली. इतकी वर्षं झाली तरी बाजारात आजही ज्वारीची प्रत तिच्याशीच ताडून बघतात. म्हणून तुलनाही तिच्याशीच केली.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत व्हायला हवी. त्याआधी पेरलं तर खोडमाशी धरते, उशीर केला तर ओल सुटते. भारी रानात अडचण वाफशाची, म्हणजे पेरण्याजोगी ओल राहण्याइतकं रान सुकण्याची असते. उत्तराचा पाऊस जोरात झाला की हलक्या रानातल्या पेरण्या उरकतात आणि आपण बांधावर उभं राहून चिखल वाळायची वाट बघतो. आम्हाला पेरणीची घात हस्त नक्षत्रात मिळाली. एकरी चार किलो बी घेतलं, काणी हा कणसावरचा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळलं. दोन चाड्याच्या पाभरीनं ओळीत ४५ सेंटीमीटर अंतर ठेवून पेरलं आणि कोरडवाहूला लागणारं सगळं खत त्याच वेळी दिलं.

पहिला फरक महिन्याभरात दिसला. मालदांडीच्या पट्ट्यात पोंगेमर, म्हणजे खोडमाशीनं मधला पोंगा वाळणं, जागोजागी होती, वसुधेत तुरळक. ताट सुरुवातीपासून जाड, पानं रुंद. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात जेवायला आलेले पाहुणे आधी वसुधेकडेच वळले.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. थंडीत भारी रान उलायला लागलं की भेगांतून ओल उडते आणि मुळ्याही तुटतात. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असं जुनी माणसं म्हणतात आणि काळ्या रानात ते अगदी खरं आहे. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवून भेगा मातीनं बुजवल्या. बरेच जण ही शेवटची पाळी टाळतात, पण भारी रानाला मोल तिचंच. पाणी एकदाच देता येणार होतं, ते पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी दिलं. चारही पाण्यांची सोय असली तरी भारी जमिनीला दाणे भरतानाचं चौथं पाणी लागत नाही, एवढी ओल ती धरून असते.

दाणे भरताना वारं सुटलं आणि मालदांडीतली बरीच ताटं लोळली. बुंधा चिरून पाहिला तर आत पोकळ, काळी भुकटी. हा खडखड्या, ओलीचा ताण पडला की बुरशी खोड पोखरते. वसुधेतही काही ताटं गेली, पण रान उभं राहिलं. माझ्यासाठी वाण निवडायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

वसुधा ११६ ते १२० दिवसांचा वाण आहे. आम्हाला एकरी दहा क्विंटलच्या आसपास उतारा पडला, मालदांडीपेक्षा स्पष्टपणे जास्त. काढणीला मात्र त्रास झाला. वाळलेल्या काळ्या रानातून एवढं जाड ताट उपटताना मजूर वैतागले, शेवटी विळ्यानं कापलं आणि मजुरी वाढली. ज्यांच्या घरात माणसं कमी आहेत त्यांनी हा खर्च आधीच धरावा.

दाणा पांढरा, टपोरा, चमकदार. पिठाला चिकटाई चांगली, भाकरी थापताना तुटत नाही. सकाळची भाकरी संध्याकाळी कोर मोडून दुधात घातली तरी मऊ लागते. आई अजूनही चवीला मालदांडीला झुकतं माप देते, मला फरक थोडाच जाणवतो.

कडब्याचं गणित वेगळं आहे. वसुधेचं ताट भरीव, रसाळ आणि गोड, जनावरं आवडीनं खातात. पण बुंधा जाड असल्यानं पेंढी तशीच टाकली तर खालचा भाग गव्हाणीत पडून राहतो. कुट्टी करून घातलं तर काही वाया जात नाही. शेकड्यावर कडबा घेणारे व्यापारी बारीक ताटाची मालदांडी आधी मागतात, वसुधेला भाव थोडा पाडून बोलतात. घरच्या गोठ्यासाठी पेरणाऱ्याला त्याची झळ नाही.

एका दुकानदारानं बी घेताना संकरित वाण गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. वसुधा सुधारित वाण आहे, तिचं बी घरी धरता येतं. पहिल्या वर्षी प्रमाणित बियाणं घ्या, मग रानातली जातिवंत, भरदार कणसं मोडणीआधीच वेगळी काढा. तीन वर्षांनी बियाणं बदललेलं बरं.

यंदा खोल रान सगळं वसुधेला देतोय. ओढ्याकडची मध्यम खोलीची पट्टी सुचित्रेला, आणि बांधालगतच्या चार पाभरी आईच्या मालदांडीला.