माणूस तपासायचा की नोंदी?

अणुस्फोटानंतर पडणाऱ्या किरणोत्सारी राखेत सापडलेल्यांवर पुढची कित्येक वर्षं लक्ष कसं ठेवायचं? एक रीत माणसाला समोर बसवून तपासण्याची, दुसरी कागदांवरून माग काढण्याची.

पहिलीचं उदाहरण मार्शल बेटं. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने तिथल्या बिकिनीवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख राँगेलॅप या वस्ती असलेल्या बेटावर पडली. अमेरिकी डॉक्टर दरवर्षी तिथे जात राहिले, म्हणून 1963 मध्ये थायरॉइडच्या गाठी सापडू लागल्या, त्याही लहानपणी राख अंगावर घेतलेल्यांत. नुसत्या मृत्युदाखल्यांत त्या दिसल्याच नसत्या. पण हे उपचार की प्रयोग, हा बेटवासीयांचा संशय काही गेला नाही. जायचा तरी कसा?

दुसरी रीत हिरोशिमा-नागासाकीची (तिथे मारा मुख्यतः थेट स्फोटाचा): सुमारे 1,20,000 माणसं, आणि त्यांचा माग जपानची सरकारी कुटुंबनोंदणी आणि कर्करोग नोंदणी (ठरावीक भागातल्या कर्करुग्णांची नोंदवही) यांवरून. आकडे भक्कम.

मुंबईतही कर्करोग नोंदणी 1963 पासून आहे. पण इथला माणूस निवृत्त झाला की कोकणात घर बांधतो, आणि नोंदणीच्या हद्दीबाहेर जातो. म्हणून तशी वेळ आलीच, तर इथे मी पहिली रीत निवडेन. मात्र थायरॉइडची सरसकट सोनोग्राफी नको. निरुपद्रवी गाठीही सापडतात आणि उगाच शस्त्रक्रिया होतात. आधी किरणोत्साराचा डोस किती आणि तेव्हा वय काय होतं, ते पाहावं.