फ्लोरिडातला बर्फ आणि माझे ३०० डॉलर

मार्च २०२३ मध्ये फ्लोरिडात ऑरलँडोला, डिस्नेची उद्याने पाहायला जाण्यासाठी जोड-स्ट्रोलर, म्हणजे दोन मुलांची बाबागाडी, भाड्याने घेण्याच्या नादात माझे ३०० डॉलर बुडाले. रक्कम ऐकून घर विकायची वेळ आली असे कोणी म्हणणार नाही, आणि बहुधा म्हणूनच मी जिथे जिथे तक्रार केली तिथे तिथे समोरच्याच्या आवाजात ‘एवढ्यासाठी?’ हा सूर होता. मला मात्र ते पैसे अजून बोचतात, कारण माझ्या पर्समधून ते कोणी काढून नेले नाहीत. मी ते स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, दोन वेळा पाठवले.

आधी माझी बाजू मांडते. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. थोरला तेव्हा चार वर्षांचा होता, धाकटी वीस महिन्यांची, आणि सोबत मिरजेहून नुकतेच आलेले सासू-सासरे. बागेत, जत्रेत आम्ही दोन्ही मुलांना घडीच्या वॅगनमध्ये, म्हणजे दांडीने ओढायच्या छोट्या गाड्यात, बसवून नेतो. पण डिस्नेच्या उद्यानांत १ मे २०१९ पासून वॅगनला मनाई आहे. स्ट्रोलरसुद्धा ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब चालत नाही. घरात होता तो एका मुलाचा, पळताना ढकलायचा, तीन चाकी धूड. उद्यानात मिळणारा स्ट्रोलर टणक प्लास्टिकचा असतो, त्याची पाठ मागे झुकत नाही, आणि मुख्य म्हणजे तो फाटकाबाहेर नेता येत नाही. रात्री मॅजिक किंगडम या त्यांच्या उद्यानातून बाहेर पडल्यावर आधी मोनोरेल किंवा फेरीबोट आणि मग वाहनतळ, एवढे अंतर झोपलेली दोन मुले खांद्यावर घेऊन ज्यांनी कापले आहे, त्यांना बाहेरून स्ट्रोलर भाड्याने घेणे हा मूर्खपणा वाटणार नाही. हॉटेलवर स्ट्रोलर आणून देणारी प्रामाणिक दुकाने तिथे आहेत आणि आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी ती वापरलेली आहेत, हेही इथेच सांगून टाकते.

सहलीची आखणी करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समूहात मला त्या ‘दुकाना’चे पान सापडले. जोड-स्ट्रोलर दिवसाला ९ डॉलर. उद्यानात तसाच स्ट्रोलर तेव्हा एका दिवसाला ३१ आणि अनेक दिवसांचे पैसे एकदम भरले तर दिवसाला २७. मी स्वस्ताला भुलले असे नवरा म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. मी भुलले ती त्या पानावरच्या नेमक्या माहितीला. ३१ बाय ५२ इंचांचा नियम तिथे ठळक लिहिला होता, वॅगन का चालत नाही ते सांगितले होते, रांगेत असताना स्ट्रोलर कुठे लावायचा, कर्मचारी तो हलवून दुसरीकडे नेऊन ठेवतात तेव्हा घाबरायचे नाही, ओळखीसाठी दांड्याला रंगीत फीत बांधायची, सगळे व्यवस्थित दिले होते. ज्याला एवढे बारकावे ठाऊक आहेत त्याच्याकडे स्ट्रोलर असणारच, असे मी धरून चालले. नियम कुठूनही उतरवून घेता येतात. ज्या हॉटेलात उतरणार आहात तिथे पैसे देण्यापूर्वी फोन करा आणि हे दुकान तुमच्याकडे कधी माल पोहोचवते का, एवढे एकच विचारा. मी विचारले नाही.

आता त्या फोटोविषयी. स्ट्रोलर करड्या रंगाचा, शेजारी-शेजारी दोन बैठकांचा, कोणाच्या तरी गॅरेजसमोरच्या उतारावर उभा केलेला. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि कौतुकाने म्हटले, “बघा आई, किती छान बाबागाडी मिळाली.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, “अगं, तिकडं पण बर्फ पडतो काय?” मी पाहिले तर उताराच्या कडेला, चाकांपासून हातभर अंतरावर, फावड्याने लोटलेल्या बर्फाचा मळकट ढीग होता. ओहायोत सहा हिवाळे काढल्यावर असा ढीग डोळ्यांना दिसतच नाही. आमच्या दारातही त्या दिवशी तसाच एक होता. मिरजेच्या बाईला तो दिसला. आणि मी काय केले, तर “आई, जुना फोटो असेल कुठलातरी” असे म्हणून फोन परत घेतला. फ्लोरिडातल्या दुकानाच्या स्वतःच्या स्ट्रोलरशेजारी बर्फ कुठून येईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण मला तो पडू द्यायचा नव्हता. आठवडाभर शोधाशोध करून माझे डोके उठले होते आणि हे एक काम मला संपवायचे होते.

सहा दिवसांचे भाडे ५४ डॉलर आणि परतीची अनामत १५० डॉलर, असे २०४ डॉलर मी बँकेच्या ॲपमधून थेट पाठवले. पाठवण्यापूर्वी ॲपने घेणाऱ्याचे नाव दाखवले, ते दुकानाचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. ‘मालकाचे असेल,’ म्हणून मी पुढे गेले. क्रेडिट कार्ड चालत नाही असे सांगणाऱ्या माणसाकडून काहीही भाड्याने घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता, बॅगा भरण्याच्या गडबडीत, त्या दुकानदाराचा आणखी एक निरोप आला. त्याचे खाते व्यवसायाचे असल्याने माझे पैसे अडकले आहेत, जमा रक्कम ३०० झाली की ते मोकळे होतील, आणि वरचे ९६ डॉलर तो तत्काळ परत करील. सोबत माझ्या बँकेच्या बोधचिन्हाचा ईमेल होता, पण पाठवणाऱ्याचा पत्ता फुकट मिळणाऱ्या मेलचा होता, हे मी सहलीहून परत आल्यावर पाहिले. ही युक्ती किती जुनी आहे ते वाचणाऱ्यांना माहीत आहे, तेव्हा हसायचे त्यांनी खुशाल हसावे. पहाटे सहाचे विमान होते, धाकटीला ताप येतोसा वाटत होता, आणि आधीचे २०४ डॉलर बुडू नयेत म्हणून मी आणखी ९६ पाठवले.

ऑरलँडोजवळच्या किसिमीतल्या आमच्या हॉटेलच्या काउंटरवर स्ट्रोलर नव्हता. तिथल्या मुलाने दुकानाचे नाव ऐकताच मान हलवली आणि या आठवड्यात असे विचारणाऱ्या तुम्ही तिसऱ्या आहात, असे सांगितले. तिसरी! मग तीन जण फसल्यावर काउंटरवर एक कागद चिकटवायला काय हरकत होती, असे मी विचारले, तेव्हा ते व्यवस्थापकाच्या अखत्यारीत येते असे उत्तर मिळाले. तेवढ्यात फोनवर नवा निरोप आला, की चालक वाटेत आहे, फक्त विम्याचे १२० डॉलर बाकी आहेत. तो नवऱ्याने वाचला आणि फोन बंद करून खिशात टाकला. सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात ८२ने गुणून “साडेचोवीस हजार” एवढेच म्हटले.

बँकेला फोन केला तो ४७ मिनिटांनी उचलला गेला. व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे, त्यामुळे ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही, असे तिकडच्या बाईंनी मला तीन वेळा त्याच शब्दांत ऐकवले. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठवण्याविषयीच्या अमेरिकेतल्या १९७८च्या कायद्याचे संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना आहे, हे मला त्या दिवशी कळले. म्हणजे चोराने माझा फोन हिसकावून पैसे पाठवले असते तर मला दाद मागता आली असती, पण त्याने मला फसवून माझ्याकडूनच ते पाठवून घेतले, तर मी त्याची भागीदार. क्रेडिट कार्डाने दिले असते तर कार्डाच्या बिलांविषयीच्या १९७४च्या कायद्याप्रमाणे बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. दहा दिवसांनी बँकेचे दोन ओळींचे पत्र आले, त्यातली एक ओळ आमची बँक निवडल्याबद्दल आभाराची होती.

फ्लोरिडातले पोलीस म्हणाले की तुम्ही पैसे ओहायोतून पाठवले, तेव्हा तक्रार तिकडे करा. ओहायोतले पोलीस म्हणाले की माल फ्लोरिडात मिळणार होता, तेव्हा तक्रार तिकडे करा. दोन राज्यांच्या मधल्या कुठल्या शेतात जाऊन मी तक्रार नोंदवायची होती, ते कोणी सांगितले नाही. ओहायोतल्या अधिकाऱ्याने शेवटी नाखुशीने तक्रारीचा एक क्रमांक दिला आणि वर सल्ला दिला की ‘पुढच्या वेळी काळजी घ्या.’ ज्या व्यक्तीच्या नावावर पैसे गेले ते नाव, खात्याला जोडलेला फोन क्रमांक, सगळे निरोप, ईमेलचा पत्ता, एवढे सगळे मी छापून फाइलमध्ये लावून दिले होते. ती फाइल कोणी उघडल्याची खूण मला आजवर मिळालेली नाही. तरीही क्रमांक घ्याच, आणि निरोपांचे स्क्रीनशॉट पहिल्या तासातच काढून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या संभाषणातले त्याचे निम्मे निरोप पुसलेले होते.

उद्यानात आम्ही पहिल्या दिवशी ३१ डॉलर देऊन प्लास्टिकचा जोड-स्ट्रोलर घेतला आणि पुढच्या तीन दिवसांचे २७ प्रमाणे ८१ भरले. म्हणजे ज्या ११२ डॉलरांत काम झाले, ते वाचवायला मी ३०० घालवले. रात्री थोरल्याला नवऱ्याने आणि धाकटीला सासऱ्यांनी खांद्यावर घेतले.

पान बंद करावे म्हणून मी चार वेळा कळवले. चारही वेळा ‘आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही’ असे छापील उत्तर आले. गेल्या आठवड्यात तेच पान नव्या नावाने पुन्हा दिसले. भाडे आता ११ डॉलर झाले आहे, करडा स्ट्रोलर तोच आहे आणि चाकाजवळचा बर्फही तोच आहे. खाली एका आईने विचारले होते की नाताळच्या आठवड्यात मिळेल का. मी तिला लिहिले की फोटोतला बर्फ पाहा. पाच मिनिटांत माझे वाक्य पुसले गेले आणि मला ते पान दिसेनासे झाले.