डाल्ग्लिश: मैदानातला की बाकावरचा?

स्कॉटिश फुटबॉलपटू केनी डाल्ग्लिशचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: खेळाडू मोठा की प्रशिक्षक?

खेळाडूचं पारडं आधीच जड आहे. 1977 मध्ये स्कॉटलंडचा सेल्टिक क्लब सोडून तो इंग्लंडच्या लिव्हरपूलला आला तो 4,40,000 पौंडांना, तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला. पुढच्याच वर्षी वेम्बलीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात सहकारी सूनेसने चेंडू आत सरकवला. प्रतिस्पर्धी बेल्जियन क्लब ब्रुगचा गोलरक्षक पुढे धावला, केनी क्षणभर थांबला आणि गोलरक्षक खाली पडू लागताच चेंडू अलगद त्याच्या अंगावरून टाकला. घाई म्हणून नाही! स्कॉटलंडसाठी 102 सामने, 30 गोल.

लिव्हरपूलचं प्रशिक्षकपद मिळालं ते 1985 मध्ये, ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर, खेळत असतानाच. पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही. लीग पक्की करणारा चेल्सीविरुद्धचा गोलही साहेबांचाच. म्हणजे इथे दोन्ही डाल्ग्लिश एकाच जर्सीत, वेगळे काढायचे कसे? 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर तो मृत लिव्हरपूल चाहत्यांच्या अंत्यसंस्कारांना जात राहिला. त्या ताणानेच 1991 मध्ये त्याने राजीनामा दिला.

पुढे ब्लॅकबर्न क्लबचं प्रशिक्षकपद. 1995 मध्ये शेवटच्या दिवशी त्याचा संघ लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरच हरला, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडही अडखळलं आणि प्रीमियर लीग ब्लॅकबर्नकडे! पाठीशी क्लबचा मालक जॅक वॉकरचा पैसा होता, हे मान्य. न्यूकॅसलमध्ये मात्र जमलं नाही.

माझं मत खेळाडूला. प्रशिक्षक म्हणून तो थोर, पण त्याच्याच शहरातला, ग्लासगोचा, मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक राहिलेला ॲलेक्स फर्ग्युसन त्याच्या पुढे उभा आहे. स्कॉटलंडच्या जर्सीत त्याच्या पुढे कोण?